दुसऱ्या कपाचा हूक

३ मार्च
सुधानं जेवणाच्या टेबलावर हिमाचलचा नकाशा पसरला, वर काच ठेवली. आमटीचं भांडं शिमल्यावर, पोळ्यांचा डबा पार उंचावरच्या काझ्यावर. तीस वर्षं वृत्तपत्राच्या डेस्कवर काढली, बायकोला म्हैसमाळपुढचा डोंगर दाखवला नाही. मेमध्ये निघायचं. हळूहळू चढत.

९ मार्च
क्रांती चौकामागं सलीमभाईंच्या गॅरेजात. जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये दोन पलंग, ओटा, गॅस बसवतायत. "साब, भाभी कू एक पायरी बस होती ना?" दोन सांगितल्या. हल्ली जिन्यात थांबते.

१७ मार्च
सुधाचे रिपोर्ट आले. फुप्फुसं कडक होत चाललीत. डॉ. म्हणाले, उंचीवर अजिबात नको. मग तिला बाहेर बसवून मला जे सांगितलं ते... इथं नको. तिला म्हणालो, पुढच्या तपासणीनंतर ठरवू.

२२ मार्च
पुरवणीला प्रवासाचा लेख कबूल केलाय. तो आजच लिहून टाकला, आल्यावर तपशील भरू. डेस्कची खोड. पुढाऱ्यांचे मृत्युलेखसुद्धा ते हिंडत-फिरत असताना तयार ठेवायचो.

२३ मार्च
माझा मजकूर लग्नापासून पहिल्यांदा सुधाच वाचते. वाचून चष्मा काढला.
"चांगला झालाय. पण काझ्याला पोचल्यावर चहा एकटेच का पिताय?"
शेवटच्या परिच्छेदात एकच कप. मीच लिहिलेला. कळलंही नव्हतं.
"डॉक्टर काय म्हणाले ते सांगा आता."
सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मग मेथी निवडायला बसली.

२६ मार्च
औषधांपुरतं बोलणं. नकाशावरची काच तिनं दोनदा पुसली.

३० मार्च
गाडी बघायची म्हणाली. रिक्षानं नेलं. दोन पायऱ्यांना चार मिनिटं. सलीमभाई तोवर पाठ करून पाना पुसत राहिले. श्वास जागेवर आल्यावर आतूनच म्हणाली, "सलीमभाई, कप टांगायला हूक लावा. दोन."
घरी आल्यावर लेख मागितला. पेन्सिलनं 'एक कप' खोडलं. 'काझा'ही खोडलं. वर काही लिहिलं नाही, जागा मोकळी सोडली.

२ एप्रिल
सलीमभाईंचा फोन. हूक बसले, गाडी कधी नेताय. तिच्याकडं पाहिलं. ती नकाशावर बोट ठेवून खालच्या खालच्या गावांची नावं वाचत होती.
उद्या सांगतो म्हणालो.