जिंकलेल्या वादांची वही

३ एप्रिल, बुधवार. सकाळी ८.१०

बायको काल संध्याकाळी तिच्या थोरल्या बहिणीकडे गेली. दोन बॅगा घेऊन. थोडे दिवस राहते म्हणाली. थोडे म्हणजे नेमके किती, असं मी विचारलं. उत्तर आलं नाही. म्हणजे तिच्याकडे उत्तर नव्हतं.

कारण अगदीच क्षुल्लक. परवा जेवताना ती म्हणाली, घरात उकडतंय. मी भिंतीवरचा थर्मामीटर काढून तिच्या ताटाशेजारी ठेवला. एकोणतीस. एकोणतीसला उकडत नाही, हे मी शांतपणे, आवाज न चढवता सिद्ध केलं. शिवाय डोक्यावर पंखा आमच्याच कंपनीचा, मिनिटाला तीनशे वीस फेरे. ती ताटावरून उठली. आमची लेक, वय सतरा, बाबा बास करा म्हणाली आणि तीही उठली. मी जेवण पूर्ण केलं. अन्नावर राग काढू नये.

रीतसर वहीत नोंद केली. क्रमांक ४१२. तेवीस वर्षांच्या संसारात जिंकलेले वाद ४००, हरलेले ३, अनिर्णित ९. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात ही वही सुरू केली. तारीख, विषय, तिचा मुद्दा, माझं उत्तर, निकाल. इतकं चोख रेकॉर्ड ठेवणारा नवरा शोधून सापडणार नाही.

रविवारपर्यंत येईल परत. स्वेटर नेलाय खरा, पण एप्रिलात स्वेटर नेणं हा वेंधळेपणा झाला.

५ एप्रिल, शुक्रवार

फोन केला. पाच मुद्दे काढून ठेवले होते. दुसऱ्यावरच फोन कट. रेंज. पुन्हा लावला तर मेहुणीने उचलला. म्हणाली, तिला जरा एकटं राहू द्या. मी म्हटलं, तुमच्या घरात चार माणसं, एकटं राहायचं तर इथेच जास्त सोय आहे. यावर काय बोलणार बिचारी? पुन्हा रेंज गेली.

ऑफिसात साहेबांनी बोलावलं. मी तक्रार विभागात आहे. ज्यांचे पंखे बिघडतात त्यांच्या पत्रांना उत्तरं लिहितो. साहेब म्हणाले, तीन महिन्यांत तक्रार विभागाविरुद्धच एकसष्ट तक्रारी आल्यात. एका म्हाताऱ्या गृहस्थांचा पंखा घुं घुं करतो. त्यांना मी चार पानी पत्र लिहून आवाज पंख्यात नसून कानात आहे, हे पटवून दिलं होतं. त्यांनी म्हणे पंखा काढूनच टाकला. थोडक्यात, तक्रार मिटली! पण साहेबांना कोण सांगणार.

सोमवारपासून रोज दुपारी ट्रेनिंग. 'प्रभावी संवाद'. दोन आठवडे. अख्ख्या ऑफिसातून फक्त माझी निवड झाली आहे.

८ एप्रिल, सोमवार

रविवार गेला. आली नाही.

ट्रेनर बाई माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण मुद्देसूद. आजचा धडा: समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगा, मग त्याची भावना ओळखा. सोपं आहे. घरी आल्याबरोबर प्रयोग केला. लेक म्हणाली, दूध संपलंय. मी म्हटलं, म्हणजे तुला असं म्हणायचंय की दूध संपलं आहे. ती हो म्हणाली. मी म्हटलं, आणि त्याचं तुला वाईट वाटतंय. ती माझ्याकडे बघत राहिली आणि पिशवी घेऊन दुकानात गेली. प्रभाव जाणवला.

सकाळी सवयीने दोन कप चहा केला. दोन्ही मीच प्यायलो.

११ एप्रिल, गुरुवार

मेहुणीकडे जाऊन आलो. धडा चौथा: नजरेला नजर भिडवून बोला. बायकोच्या समोर बसलो आणि पापणीसुद्धा लवू दिली नाही. साडूचं चष्म्याचं दुकान आहे. तो मधेच उठून डोळ्यांत घालायचे थेंब घेऊन आला आणि म्हणाला, दुकानात या, फुकट तपासतो. माणूस प्रेमळ आहे, पण विषयाचं गांभीर्य नाही.

मग बायकोने सांगितलं. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला आहे. हॉस्पिटल दुसऱ्या शहरात नवी शाखा काढतंय आणि तिथल्या लॅबची प्रमुख म्हणून तिला विचारलंय. पंचवीस तारखेपर्यंत हो की नाही ते कळवायचं. राहायला खोली मिळेल. अजून ठरवलं नाही म्हणाली. कधी वाटतं जावं, कधी वाटतं आपणच राईचा पर्वत करतोय.

थेंबांची बाटली मी दोनदा उघडून बंद केली. काहीतरी बोलायला हवं होतं. ती म्हणाली, इथून चार तासांवर आहे. मी म्हटलं, टाइमटेबलप्रमाणे तीन तास चाळीस मिनिटं. मोबाइलवर दाखवलंसुद्धा. ती म्हणाली, बरं.

क्रमांक ४१३. पहिल्यांदाच नोंद करताना हात जड झाला. खुर्ची खाली आहे, टेबल उंच आहे, त्यामुळे असेल.

१३ एप्रिल, शनिवार

माफी मागायचं ठरवलं. माघार नव्हे, डावपेच. मसुदा: जर तुला वाईट वाटलं असेल तर मला माफ कर. काल ट्रेनर बाईंना दाखवला होता. त्या म्हणाल्या, 'जर' काढा. काढला. रात्रभर विचार करून तिथे 'कदाचित' घातलं. सकाळी मेसेज पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

दुपारी पुन्हा पाठवला. 'कदाचित'शिवाय. पण तोपर्यंत, लेक म्हणाली, आई मोबाइल मावशीच्या घरी ठेवून तिच्याबरोबर बाहेर गेली होती. माझं नशीबच फुटकं.

घर खायला उठतं. घड्याळाची टिकटिक एवढी मोठी होती हे तेवीस वर्षांत कळलं नव्हतं.

१६ एप्रिल, मंगळवार

सापडलं! आजचा धडा म्हणजे हुकमाचा एक्काच. ट्रेनर बाई म्हणाल्या, विरोध करण्याआधी समोरच्याची बाजू तुम्ही स्वतः मांडा. इतकी प्रामाणिकपणे की तो म्हणाला पाहिजे, हो, हेच मला म्हणायचं होतं. त्यानंतरच आपलं उत्तर.

योजना: रविवारी एकवीसला मेहुणीकडे जायचं. आधी दहा मिनिटं तिची बाजू मांडायची. ती हो म्हणेल, सैल पडेल. मग वीस मिनिटं उत्तर द्यायचं आणि बॅगा उचलून दोघांनी घरी यायचं. टॅक्सी परतीचीच ठरवून ठेवावी का? स्वस्त पडेल.

तिच्या बाजूसाठी पुरावे कुठून आणायचे हा प्रश्न होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! माझ्याकडे वही आहे. तिचा एकूण एक मुद्दा तारखेसकट लिहिलेला.

१७ एप्रिल, बुधवार

वही वाचतोय.

क्रमांक ७: ती म्हणाली, गुडघा दुखतो. मी: रिपोर्ट नॉर्मल आहे, त्यामुळे दुखू शकत नाही. जिंकलो.

क्रमांक ५८: ती म्हणाली, तुम्ही माझ्याशी नीट बोलत नाही. मी: मागच्या आठवड्यातली सहा संभाषणं पुराव्यासह. जिंकलो.

क्रमांक १९०: तिची आई गेली त्या आठवड्यात. ती रडत होती. मी: एक्क्याऐंशी म्हणजे सरासरीपेक्षा नऊ वर्षं जास्त. जिंकलो. समोर कंसात लिहिलंय, प्रतिवाद नाही.

हरलेले तीन इतके क्षुल्लक, की तिने तेही मला जिंकू दिले असते तरी चाललं असतं. एक मिक्सरच्या झाकणाचा आहे.

तिची बाजू अपेक्षेपेक्षा भक्कम आहे. दहा मिनिटं पुरणार नाहीत. पंचवीस लागतील.

१९ एप्रिल, शुक्रवार

ट्रेनिंग संपलं. लेकीला समोर बसवून रंगीत तालीम केली. मी क्रमांक १९० वर आलो आणि ती उठून तिच्या खोलीत गेली. दार लावून घेतलं. आवाज बहुतेक जरा मोठा लागला. बाहेरून विचारलं, तर म्हणाली, बाबा, हे खरंच लिहून ठेवलं होतंत? मी म्हटलं, म्हणून तर आज कामाला आलं.

उत्तराचा भाग अजून लिहिला नाही. त्यात काय, तासाभराचं काम. आयुष्यभर तेच करतोय.

२० एप्रिल, शनिवार. दुपारी ४

सकाळी नऊपासून उत्तर लिहितोय. गुडघ्यावर उत्तर नाही. सहा संभाषणांवर नाही. आईवर तर नाहीच. कागदावर एवढंच आहे:

मुद्दा १. तरीपण.

संध्याकाळी ६.३०

तरीपण काय?

रात्री ८

असू दे. आपलं डोकं ऐन वेळी चालतं. कॉलेजात आयत्या वेळच्या वक्तृत्वात ढाल मिळवली होती. बायको आली नाही तर काय करू, हा विचारच करायचा नाही. करतोय मात्र सकाळपासून तोच.

२१ एप्रिल, रविवार

बोललो. पस्तीस मिनिटं. आयुष्यातलं सर्वोत्तम भाषण.

हॉलमध्ये बायको, मेहुणी, साडू. मी उभा राहूनच सुरुवात केली. थर्मामीटरपासून. मग गुडघा, मग तारखांनुसार बाकीचं. मेहुणी स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद करून आली आणि बसली. साडूने टीव्हीचा आवाज आधी कमी केला, मग बंदच केला. १९० ला माझा आवाज चिरकला. तालमीत चिरकला नव्हता. शेवटी मी म्हटलं, अशा माणसाबरोबर राहताना बाई हळूहळू बोलायचंच सोडून देते, कारण तिचं दुखणंसुद्धा तिला सिद्ध करावं लागतं. हे वाक्य कागदावर नव्हतं. कुठून आलं माहीत नाही.

बायकोच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती म्हणाली, हो. हेच. तेवीस वर्षांत पहिल्यांदा ती माझ्या बोलण्याला अशी हो म्हणाली.

मग मी उत्तराचा कागद उघडला. तरीपण. ट्रेनर बाई म्हणायच्या, तीन सेकंद थांबा, प्रभाव वाढतो. मी थांबलो. तीन, दहा, किती कोण जाणे. साडूने पाणी दिलं. मी तरीपण एवढंच म्हणालो आणि खाली बसलो.

बायकोने डोळे पुसले. म्हणाली, मला वाटायचं मीच वाढवून सांगतेय. मला हे कधी असं सांगता आलं नसतं. आता शंका राहिली नाही. मग ती आत गेली आणि हॉस्पिटलला फोन करून हो म्हणाली. भिंतीपलीकडून स्वच्छ ऐकू आलं. रेंज उत्तम होती.

निघताना साडूने हात हातात घेतला. म्हणाला, तुम्ही बोलता मात्र जबरदस्त. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, मी मनात म्हटलं. टॅक्सी परतीची ठरवली होती. एकटाच आलो.

२३ एप्रिल, मंगळवार

वहीत नोंद राहिली आहे. क्रमांक ४१४. विषय लिहिला. तिचा मुद्दा लिहिला. माझं उत्तर हा रकाना कोरा. निकाल काय लिहू? ती जिंकली म्हणावं तर बोललो मी. मी जिंकलो म्हणावं तर ती चालली.

ऑफिसात ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आलं. 'उत्कृष्ट वक्ता'. साहेबांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मी त्या घुं घुं पंखेवाल्या गृहस्थांना पत्र लिहिलं. दीड ओळीचं. आवाज पंख्यातच असेल. माणूस पाठवतो.

२७ एप्रिल, शनिवार

बायको उरलेलं सामान घ्यायला आली. बोलायचं खूप होतं, पण प्रत्येक वाक्य तोंडात आलं की मुद्द्यासारखं वाटायचं. तिने विचारलं, जेवता ना वेळेवर? मी मान हलवली. दारात म्हणाली, फोन करा कधीतरी. पण मुद्दे काढून ठेवू नका.

मी खिडकीतून रिक्षा वळेपर्यंत बघितलं. मला रडू आलं. हे लिहून ठेवतो, पुरावा नाही.

२८ एप्रिल, रविवार. दुपारी ३

उकडतंय. पंखा पाचावर आहे, तरी उकडतंय. शर्ट पाठीला चिकटलाय. लेकीला म्हटलं, फार उकडतंय गं. तिने पुस्तकातून मान वर करून भिंतीवर बघितलं. म्हणाली, बाबा, अठ्ठावीस तर आहे.

बरोबर आहे. त्या दिवशीपेक्षा एक कमी. मी बरं म्हटलं.

दुपारी ३.४०

बायकोला फोन लावला. कागद घेतला नव्हता. तिने उचलल्यावर काय बोलावं सुचेना. शेवटी म्हटलं, घरात उकडतंय.

किती आहे, असं तिने विचारलं नाही. म्हणाली, हो का? मग खिडकी उघडा ना.

उघडली.