राउटरचा वांधा

गुरुवार. दिवाळी होऊन तीन आठवडे झाले. सकाळी साडेदहाला गंगापूर रोडच्या दुकानात गेले, सव्वाअकराला परत आले. कुकर लावला. लेकीने बाराला तिच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि एकला उघडलं. जेवणं झाली. ती आता पार्सल करायला बाहेर गेली आहे आणि मी टेबलाशी बसून हे लिहिते आहे.

नाना, राउटर म्हणजे काय ते तुम्हाला आधी सांगायला हवं. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरात साधा फोनही नव्हता. वहीएवढा चपटा डबा असतो, वर शिंगांसारख्या दोन-चार काड्या. बाहेरून आलेली वायर त्यात जाते आणि तिथून पुढे इंटरनेट वायरीशिवाय घरभर पसरतं. म्हणजे पसरायला पाहिजे. तुमची नात गणपतीत पुण्याहून घरी आली. तिच्या ऑफिसने घरून काम करायची परवानगी दिली होती, पण मागच्या खोलीत बसून बोलताना तिचं बोलणं मधेच तुटायचं, चेहरा पडद्यावर गोठून राहायचा. महिन्याभरापूर्वी तिच्या साहेबांनी सांगितलं की आजच्या गुरुवारची मीटिंग शेवटची संधी. ती नीट झाली नाही तर एक तारखेपासून पुण्याला येऊन बसायचं. तुमचे जावई जाऊन चार वर्षं झाली, नाना. चार वर्षं या घरात टीव्हीशिवाय दुसरा आवाज नव्हता. पण लेकीला मी ‘राहा’ म्हटलं नाही. आपल्या घरात असं कोणी कोणाला म्हणत नाही. मी राउटर घ्यायला निघाले.

निघण्याआधी महिनाभर मी संशय घेत होते. इंटरनेटच्या कंपनीचा माणूस दोनदा येऊन सांगून गेला की लाइन चांगली आहे, राउटर जुना झालाय, बदला. मला वाटलं, हे तर सांगणारच, लाइन यांची आहे ना. मग समोरच्या फ्लॅटमधल्या भाडेकरूवर संशय घेतला. त्याने एकदा दारात येऊन विचारलं होतं, “काकू, पासवर्ड द्या ना, एकच मेल पाठवायचाय.” दिला नाही. पण राउटरच्या खालच्या बाजूला एक लेबल असतं, त्यावर पासवर्ड छापलेला असतो. सोसायटीच्या मीटिंगला सगळे आमच्याच हॉलमध्ये बसतात. कोणीही डबा उलटा करून वाचू शकतं. म्हणून मी तो पहिल्यापासून हॉलमधल्या लोखंडी कपाटात, मधल्या कप्प्यात ठेवलेला. वायर आत जावी म्हणून मागच्या पत्र्याला भोक पाडून घेतलं. तो भोक पाडणारा माणूस काहीतरी सांगत होता. मी म्हटलं, कपाट माझं आहे.

खालची बाजू बघायची सवय तुमची. नामपूरच्या बाजारात लिलाव झाला की कांद्याची गाडी तुमच्या शेठच्या खळ्यावर यायची आणि माल खाली व्हायच्या आधी तुम्ही तिच्यात हात घालायचात. पार खांद्यापर्यंत. शेतकरी म्हणायचा, माल एक नंबर हाय, बघा तरी. तुम्ही हसून म्हणायचात, “वरना माल चांगलाच शे भो, खालना दाखाड.” तळातून बारकी गोल्टी निघाली किंवा सडका निघाला की वांधा. मग गाडी तशीच उभी, भाव पुन्हा नव्याने ठरणार. तुमच्या सदऱ्याची उजवी बाही कायम मळलेली असे आणि तिला कांद्याचा वास येई. शाळेत मुली मला नाकाला पदर लावून दाखवायच्या. मी दहा वर्षांची असताना बाजारातून पेरू आणते, वरचे पिवळेधमक, खालचे तीन किडके. तुम्ही पिशवी पाटावर उलटी करता. “डोळे वर ठेवायचे आन हात खाली,” एवढंच म्हणता, आणि मला ते तीन पेरू घेऊन त्याच बाईकडे परत पाठवता. मी रडत जाते. ती बाई लगेच बदलून देते. तेव्हापासून माझाही हात खाली जायला लागला. मी नाशिकला कॉलेजात निघाले तेव्हा तुम्ही मला घड्याळ घेऊन दिलंत, सटाण्याच्या दुकानात. दुकानदाराला मागचं झाकण उघडायला लावलंत. आतली चक्रं तुम्हाला काय कळणार होती? पण तुम्ही पाच मिनिटं बघत उभे राहिलात आणि मग मान हलवलीत. ते घड्याळ अजून चालतं.

तर सोमवारी मी दुकानात गेले. दुकानदार चाळिशीचा, तोंडात बडीशेप.

“बोला काकू.”

“घरासाठी राउटर. अडीच हजारांच्या वर जाणार नाही.”

“खोल्या किती?”

मला ते आवडलं नाही. माझ्या खोल्यांशी याला काय करायचंय? मी तसं विचारलंही.

“अहो, जेवायला नाही येत तुमच्याकडे. भिंती किती आडव्या येतात ते बघायचंय.”

पलीकडे उभं असलेलं गिऱ्हाईक हसलं. मी सांगितलं, तीन खोल्या. मग म्हणे, प्लॅन किती स्पीडचा? म्हटलं, बिलावर असेल. मग म्हणे, आत्ताचा राउटर घरात कुठे ठेवलाय? नाना, अनोळखी माणसाला आपल्या कपाटाबद्दल कोणी सांगतं का? मी म्हटलं, “मध्यभागी. उंचावर.” कंपनीच्या माणसाने सांगितलेलं माझ्या लक्षात होतं, तेच त्याला परत सांगितलं.

काचेच्या शोकेसमध्ये चार काड्यांचा एक होता, काळा, पुढे निळा दिवा. बजेटमध्ये बसत होता. मी बोट दाखवलं. तो म्हणाला, “काड्या मोजून घेऊ नका काकू. दोन बँडचा आहे का ते बघा. एक बँड लांब जातो, दुसरा जवळच जातो पण पळतो. हा साधा दोन काड्यांचा घ्या. दोन्ही बँड आहेत, वॉरंटी आहे, तुमचे पैसेही वाचतात.”

पैसे वाचतात म्हटल्यावर माझे कान टवकारले. मोठा माल मागणाऱ्या गिऱ्हाइकाला छोटा माल कोण देतं? ज्याला छोटा माल खपवायचा असतो तो. मी खूप वेळ दोन्ही खोके हातात धरून उभी राहिले. शेवटी साधाच घेतला, कारण साधा पुढे करून दुकानदाराला मनातून महागडाच विकायचा असेल, तर मी स्वस्त मागितल्यावर तो चिडेल, असा माझा हिशेब होता. तो चिडला नाही. त्यामुळे मला आणखी काळजी वाटली.

“वरचा नको. थप्पीतला सगळ्यात खालचा काढा.”

“काकू, सगळे एकाच फॅक्टरीतले आहेत.”

“असू द्या.”

त्याने थप्पी हाताने सावरत खालचा खोका ओढला. दोन वरचे पडले. उचलता उचलता म्हणाला, “कांद्याच्या गावच्या का तुम्ही? देवळ्याची मामी आहे आमची, साडी घेते ती गठ्ठ्याच्या तळातली. दुकानदार तिला बघून चहा सांगतात, वेळ लागणार म्हणून.”

मी पैसे दोनदा मोजून दिले. पण तुम्ही असतात तर तुम्हाला तो आवडला असता, असं तेव्हाही वाटलं.

नवा राउटर कंपनीच्या माणसाकडून जोडून घेतला आणि तो गेल्यावर कपाटात जुन्याच्या जागी ठेवला. कुलूप लावलं. लेक दारात उभी राहून बघत होती. मंगळवारी तिचं बोलणं पुन्हा तीनदा तुटलं. मी भिंतीपलीकडून ऐकत होते, “सर, आय ॲम सॉरी, सर, ऐकू येतंय का?” आणि मग मला वाटू लागलं की हिला ते तुटलेलंच हवं असेल. इथे आईबरोबर कंटाळली असेल. तोंडाने सांगता येत नाही म्हणून नेटचं निमित्त. हा संशय एकदा मनात आला आणि गेला नाही. बुधवारी ती आंघोळीला गेली असताना मी एक गोष्ट केली, ती पुढे सांगते. त्यातून मला कळलं की पुण्याच्या खोलीची किल्ली अजून तिच्याकडे आहे.

आज सकाळी मी राउटर काढून पिशवीत घातला आणि दुकानात गेले. लेक विचारत होती, आज बाराला माझी मीटिंग आहे, आत्ता का काढतेस? म्हटलं, आलेच.

दुकानात मी म्हटलं, “वांधा आहे.”

त्याला शब्द बरोबर कळला. “बसा,” म्हणाला. राउटर जोडला, मोबाइल घेऊन मागच्या गोडाउनमध्ये गेला, तिथून ओरडला, “व्हिडिओ चालतोय, ऐका!” आणि कसलंतरी गाणं मोठ्याने लावलं. परत येऊन माझ्यासमोर बसला. “मालात वांधा नाही काकू. आता खरं सांगा, कुठे ठेवलाय?”

मी पिशवीच्या बंदाला पीळ घालत बसले. बाराला पाऊण-एक तास होता.

“कपाटात.”

“लाकडी?”

“लोखंडी. कुलूप असतं.”

मागचं कोणीतरी फिस्सकन हसलं. तो हसला नाही. म्हणाला, “लाकडातून येतं काकू. काचेतून येतं. विटेच्या भिंतीतून कमी का होईना, येतं. पत्र्यातून नाही येत. सोमवारी सांगितलं असतं तर जुनाच बाहेर काढून बघा म्हटलं असतं. विकलाही नसता कदाचित.”

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याच्यात अजून काही खालचा माल आहे का, ते शोधत होते. सापडला नाही. रिक्षा करून घरी आले.

घरी आल्यावर हॉल आणि मागची खोली यांच्यामधल्या पॅसेजमध्ये, दारावरच्या फळीवर राउटर ठेवला. वायर कपाटाच्या मागून ओढून काढली. लेक स्टूल धरून उभी होती. मी वरूनच विचारलं, “तुला माहीत होतं? पत्र्यातून येत नाही ते?”

“हो. आल्या दिवशीच म्हटलं होतं, कपाटातून काढ. तू म्हणालीस, त्याची जागा ठरलेली आहे.”

“मग परत नाही म्हणालीस.”

“किल्ली तुझ्या कमरेला असते, आई.” मग स्टूल नीट धरत म्हणाली, “आणि परत म्हटलं असतं तर तू माझ्याकडे बघितलं असतंस.”

“कशी?”

“आत्ता बघतेयस तशी.”

मी खाली उतरले. उतरता उतरता सहज विचारल्यासारखं विचारलं, “पुण्याची खोली ठेवलीयस की सोडलीस?”

“सोडली कधीच. किल्ली तेवढी राहिलीय माझ्याकडे. घरमालकीणबाई रोज फोन करतात, जीव खाल्लाय त्यांनी. आज पाठवून टाकते.” मग माझ्याकडे बघून, “का गं?”

“काही नाही. सहज.”

बारा ते एक मी ओट्याशी उभी होते. गॅस बंद केला होता, शिट्टीचा आवाज नको म्हणून. आतून तिचं बोलणं येत होतं, अखंड, मधेच हसणं. एकला ती बाहेर आली आणि म्हणाली, “मार्चपर्यंत तरी इथेच. सरांनी हो म्हटलं. भूक लागलीय.” बस एवढंच. मी ताटं घेतली.

नाना, जेवताना मला तो म्हातारा शेतकरी आठवला. मी बारावीत होते, खळ्यावर तुमचा डबा घेऊन आले होते. तुम्ही त्याच्या बैलगाडीत हात घातलात आणि तळातून मूठभर सडके निघाले. वांधा झाला. तो बिचारा भांडला नाही, म्हणाला, “समदी गाडी खाली करून पहा.” गाडी रिकामी झाली. बाकीचा सगळा माल खणखणीत. तेवढा एकच कोपरा गाडीच्या फळीतून पाणी उतरून खराब झाला होता. म्हातारा सडके कांदे धोतराच्या सोग्यात गोळा करत म्हणाला, “तुना हात जथा गया, तथाच खराब व्हतं भो.” आणि तुम्ही, ज्यांनी कधी कोणाला बस म्हटलं नाही, त्याला आपल्या डब्यातली अर्धी भाकरी दिलीत. घरी येऊन मोरीत किती वेळ हात धूत होतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा खळ्यावर गेलात आणि पुन्हा गाडीत हात घातलात. ते कामच होतं. मी त्या दिवसाबद्दल तुम्हाला कधी विचारलं नाही.

आता ती राहिलेली गोष्ट. बुधवारी मी लेकीच्या बॅगेत हात घातला. कपडे वरच्यावर उचलले आणि तळापर्यंत, कोपरापर्यंत. तिथे किल्ली होती. तेवढीच काढून बघितली, परत होती तशी ठेवली. तिला हे सांगितलेलं नाही आणि सांगेन असं वाटत नाही. तुम्हाला सांगितलं, कारण पत्र टाकायला तुमचा पत्ताच नाही. आणि राउटर बाहेर काढला खरा, पण त्याच्या खालच्या लेबलवर मी काळी चिकटपट्टी लावली आहे.

कपाटाची किल्ली कमरेची काढून फ्रिजवर ठेवली. हा कागद घडी करून राउटरच्या रिकाम्या खोक्यात घालते. वॉरंटीचं कार्डही त्यातच आहे. ती येईपर्यंत भजी करावीत म्हणून मघाशी बाल्कनीतल्या टोपलीपाशी गेले. वरचाच कांदा घेतला. दाबून मात्र पाहिला.