भाकरी कोण करतं

आई, पोरीपायी कॉलेज सोडलं असं गावात अजून म्हणतात. निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं तुला, मला आणि नगरच्या त्या डॉक्टरांना माहीत.

तुझ्या डोक्यात गाठ निघाली तेव्हा वाटलं होतं, डोकं उघडतील, गाठ काढतील, आपण कोल्हारला परत. पण डॉक्टर गाठीचं बोलायच्या आधी तुझीच ताकद जोखत बसले. हातात एक यंत्र देऊन दाबायला सांगितलं, खुर्चीतून उठवलं, चालवलं, वळवलं. वजन उतरलं का, थकवा येतो का, घरातलं कोण बघतं. शेजारी थोरले चुलते उभे. त्यांच्यासमोर तू पदर पुढं ओढून एकच सांगतेस, सगळं मीच करते. चुलते मान डोलावतात. शेवटी डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर काढलं. मी दाराशीच घुटमळलो. नर्सबाईंनी हळूच विचारलं, "मावशी, भाकरी कोण करतं?" तू आधी दाराकडं बघून घेतलंस. मग म्हणालीस, "पोरगं थापतंय. भाईर कुनाला सांगू नका."

डॉक्टरांनी मला आत बोलावलं. म्हणाले, वय फार नाही, पण वयावर जाऊ नका, अंगात काही उरलेलं नाही. गाठ निघेल, पण नंतर या उठून चालतील असं मला वाटत नाही. माझं टाळकं सरकलं. भाकरीवरून माणसाचं भविष्य सांगता का, म्हणून ओरडलो, खुर्ची लाथाडली. तू तेवढ्यात म्हणालीस, "त्यांच्यावर कशाला वराडतो? मी झाकलं, त्यांनी हुडाकलं." मग पडल्या आवाजात, "करा म्हनाव. डोकं ठनकतंय, ते तरी थांबंल."

ठणका थांबला. तू उठली नाहीस.

कॉलेज सोडलं त्या दिवसांत तिथल्या त्या पोरीचे फोन यायचे. माझे हात पिठाचे असायचे, नाहीतर तुला कुशीवर वळवण्यात गुंतलेले. उचललाच तर मी भांडायचो. एक दिवस तिनं फोन करणं सोडलं. तू गेल्याचंही तिला कळवलं नाही, इतका राग होता. मग तीही लांब सासरी गेली. एवढी वर्षं झाली, घरात आता मी एकटाच. भाकरी चांगली जमते, खायला कुणी नाही.

परवा राहात्याच्या बाजारात माहेरी आलेली ती समोर आली, कडेवर मुलगी. इकडचं तिकडचं बोलून विचारलं, "आई उठल्या का रे नंतर?"

"उठली की. शेतात गेलीय."

तिचा चेहरा लई खुलला. म्हणाली, मी विचारलं म्हणून सांग. सांगतो म्हणालो.

तर आई, तिनं विचारलंय. हे पाठवायला पत्ता नाही, आणि तिला खरं सांगायलाही मी जाणार नाही. ती बोलत उभी होती तेवढा वेळ, तू शेतातून येशील म्हणून, मलाही घरी जायची घाई झाली होती.