पूर्ण भरून उभी ठेवलेली गाडी

प्रिय अहो,

चौतीस वर्षांच्या संसारात तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही, कारण तुम्ही कधी लांब गेलातच नाही. आज लिहायला बसले, कारण उद्या निखिल पुण्याहून एका माणसाला घेऊन येतोय, आपली इलेक्ट्रिक गाडी बघायला. पसंत पडली की तो ती घेऊन जाणार, आणि पाठोपाठ मीही नाशिक सोडून पुण्याला निखिलकडे जायचं, असं तुमच्या लेकाने परस्पर ठरवलंय. मला विचारलं कुणी?

गाडीची वॉरंटी दोन महिन्यांपूर्वी संपली. आठ वर्षं ठणठणीत असलेली गाडी, कागदाची मुदत संपली आणि आजारी पडली! तुम्हाला नसता आला संशय? मला आला. कुठेतरी पाणी मुरतंय, असंच वाटलं.

तुमचाही संशय आला, लपवत नाही. गाडी आणली तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, हिला ऑइल नको, पेट्रोल नको, खर्च म्हणून नाही. मग पुढचं का नाही सांगितलंत? ही अंगाने जड, म्हणून टायर लवकर झिजतात. बॅटरी गेली तर अर्ध्या गाडीची किंमत मोजावी लागते. ठाऊक होतं ना तुम्हाला? तुमचा कप्पा मी दोनदा उपसला. लाइट बिलं वर्षवार लावून ठेवणारा माणूस, आणि बॅटरीच्या किमतीचा तेवढा एक कागद नाही!

सर्व्हिस सेंटरवाल्या मुलीने गोड हसून खर्चाचा अंदाज हातात दिला. त्यात पहिली ओळ ब्रेक पॅडची. मी म्हटलं, पाय काढला की ही गाडी आपली आपण हळू होते, मग ब्रेक झिजले कसे? ती आत जाऊन आली आणि तिने ती ओळ खोडली. मग बाकीच्या ओळींवर मी कसा विश्वास ठेवायचा? शेवटची ओळ होती बॅटरीची. पूर्ण बॅटरीच बदलावी लागेल, आतलं सुटं काही आम्ही बदलत नाही, असा त्यांचा नियम. आकडा वाचून मी पाणी मागितलं.

पण बॅटरी खरंच उतरली होती, हे मलाही दिसत होतं. दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी मी माईकडे हरसूलला जाते. बहीणच ती माझी, आता तिला माझ्याशिवाय कोण आहे? गुडघे गेलेत, औषधं मीच नेते. पूर्वी आपण जाऊन-येऊन घरी पोचायचो तेव्हाही चार्जिंग उरलेलं असायचं. गेल्या महिन्यात परत येताना त्र्यंबकच्या अलीकडेच गाडीने मान टाकली. तीन तास एका ढाब्यावर बसून चार्जिंग केलं. निखिलला कळल्यावर तो म्हणाला, 'आई, वॉरंटी संपलेली ही गाडी म्हणजे पांढरा हत्ती आहे.' गाडी नसली की मी हरसूलला जाणार नाही, आणि जाणार नाही म्हणजे पुण्याला मुकाट्याने येईन, हा त्याचा डाव मी ओळखला. पोटच्या पोरावर संशय घेते म्हणून रागावलात? रागवा.

शेवटी वडाळा नाक्यावरच्या शकीलभाईंकडे गेले. पूर्वी पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करायचे, आता ई-रिक्षांच्या बॅटऱ्या दुरुस्त करतात. त्यांच्यावर तरी विश्वास कुठे होता? पेटी उघडून आतलं चांगलं काढून घेतील म्हणून सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी स्टूल टाकून समोर बसले. जेवायलाही उठले नाही. त्यांनी दोनदा चहा पाजला, तोही मी त्यांनी घोट घेतल्यावर प्यायले.

सगळं तपासून झाल्यावर त्यांनी विचारलं, 'ताई, मध्ये गाडी लय दिवस उभी होती का?'

मी सांगितलं, वर्षभर. मालक गेल्यावर वर्षश्राद्ध होईपर्यंत बाहेर काढायची नाही, असं मी ठरवलं होतं. पण हयगय केली नाही, पत्र्याच्या शेडखाली रोज चार्जिंगला लावायचे. एक दिवस चुकवला नाही. शंभर म्हणजे शंभर.

'तिथंच चुकलं, ताई,' ते म्हणाले. 'हिला गच्च भरून उभी ठेवायची नसते. वर पत्र्याचं शेड, सगळा उन्हाळा तापली. वय झालंच होतं, पण आतले सेलचे दोन गठ्ठे त्यानेच गेले.'

अहो, तुम्ही रोज ऐंशी टक्क्यांवर वायर काढायचात. मी त्याला चिकटपणा म्हणायचे, पाहुण्यांसमोरसुद्धा. आणि तुम्ही नुसते हसायचात! एकदा तरी का नाही समजावलंत? तुम्ही गेल्यावर मला वाटलं, निदान आता तरी हिला पोटभर मिळू दे. रोज ती वायर लावताना मी तुमच्याशी बोलायचे. आणि तेच करून मी तुमची गाडी खराब केली. सर्व्हिस सेंटर, निखिल, तुम्ही, शकीलभाई, सगळ्यांवर पहारा ठेवला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! घरी येऊन खूप रडले.

शकीलभाई म्हणाले, तेवढे दोन गठ्ठे बदलतो, खर्च त्या अंदाजाच्या पासंगालाही पुरणार नाही. मी विचारलं, वॉरंटी किती? 'वॉरंटी नाय देत, ताई. मी हाय, दुकान हाय.' मी हो म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा कागदाशिवाय हो म्हटलं. काल गाडी मिळाली.

उद्या निखिलला सगळं खरं सांगेन. त्याला मी डावपेची ठरवलं, त्याबद्दल माफीही मागेन. येणाऱ्या माणसाला चहा-पोहे देऊन परत पाठवेन. आणि बाजाराच्या दिवशी हरसूलला जाईन.

एक राहिलं. गाडीची सीट अजून तुमच्या मापाने मागेच आहे. तुमचे पाय लांब. इतके दिवस मी पाठीशी दोन उशा घेऊन, पुढे ओणवी होऊन चालवत आले, पण तिला हात लावला नाही. वचन देते, उद्या सकाळी मी ती पुढे ओढून घेईन.

तुमची,
सुनंदा