मुकीच्या जखमा

३ मार्च
मुकीचा कान पुन्हा फाटला. महिन्यातली तिसरी जखम — आणि नोंदवहीत एक ओळ नाही! संध्याकाळची पाळी दादांची. मग लिहिलं का नाही?

५ मार्च
दादांवर नजर ठेवली. खाणं द्यायचा त्यांचा क्रम ठरलेला. आधी कळपातली थोरली मादी, मग तिचा पैलवान मुलगा, मग दोन्ही लेकी. मुकी शेवटी. बंद पडलेल्या सर्कशीतून आलेली चिंपांझी, इथे प्राणिसंग्रहालयात तिचं रक्ताचं कुणी नाही. थोरलीचं घराणं तिला खिजगणतीत धरत नाही, आणि दादाही आता त्या घराण्यातलेच झालेत.
"तिची पायरी तीच आहे," म्हणाले.
आत्याच्या घरी माझंही ताट शेवटी वाढलं जायचं. मला पायरी नका शिकवू.
दुपारी पाळी संपताना मागच्या जाळीतून मुकीला उकडलेलं अंडं दिलं, रोजच्यासारखं. नियमात बसत नाही. साहेबांना कळलं तर नोकरी जाईल. पण तिच्या पोटात काही पडायला नको का?

८ मार्च
मुकीचं बोट कुणीतरी चावलंय. काल दुपारी मी निघाले तेव्हा धड होतं. म्हणजे दादांच्याच पाळीत.

९ मार्च
शेवटी विचारलंच — वहीत का लिहीत नाही? त्यांनी नजर चुकवली. "सगळंच कागदावर यायला नको," म्हणे.
माझी खात्री पटली. रात्री मुकीला वेगळं ठेवायचं मधलं दार मुद्दाम उघडं ठेवत असणार. थोरलीच्या लेकींना मोकळं रान!

१२ मार्च
साहेबांच्या कानावर घातलं. त्यांनी दादांना समोर बोलावलं, खोदून खोदून विचारलं. दादा तोंडातून शब्द काढेनात. हरणांकडे बदली झाली. बावीस वर्षं चिंपांझींपाशी काढलेला माणूस. मला वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही.
किल्ल्या देताना एवढंच म्हणाले, "मुकीला शेवटीच दे. लाड करू नकोस."
जाता जाताही तोच हेका.

१३ मार्च
मुकी दादांच्या तावडीतून सुटली! आज दोन अंडी दिली.

१४ मार्च
मुकीच्या डोक्याला पाच टाके.
दादांकडे दुसरी किल्ली असणार. सूड माझ्यावर उगवायचा, तर तो तिच्यावर. मधल्या दाराचं कुलूप बदलून घेतलं.

१६ मार्च
कुलूप नवं, तरी पाठीवर ओरखडे. संध्याकाळी आता नवा माणूस असतो. तोही दादांना सामील? आज माझ्याशी जरा जास्तच गोड बोलला.

१७ मार्च
ताप. अंग मोडून आलंय.

२२ मार्च
पाच दिवसांनी कामावर गेले. आधी वही उघडली. नव्या माणसाने चोख लिहिलंय. पाच दिवस, तेच शब्द — 'मुकी : नवी जखम नाही.'
आत गेले. थोरलीची धाकटी लेक मुकीच्या टाक्यांभोवतीचे केस निवडत बसली होती. हळुवार. मुकी डोळे मिटून स्वस्थ. मग मुकीने मला पाहिलं. उठली, मागच्या जाळीपाशी आली, हात पुढे केला. तशी धाकटी मागे सरली. थोरलीने मान वर केली, तिच्या अंगावरचा केस न् केस ताठ झाला. चौघंही मुकीकडे बघत होती. मुकीकडे, आणि माझ्या खिशाकडे.
खिशातला हात मी बाहेर काढलाच नाही.
दुपारी हरणांकडे गेले. दादा गवताच्या पेंढ्या सोडत होते. मला काही विचारावंच लागलं नाही.
"अंडं मी पाहिलं होतं," म्हणाले. "तू गेलीस की ती सगळी तिच्यावर तुटून पडायची. वहीत लिहिलं असतं तर चौकशी तुझ्यापर्यंत आली असती. तुला तेव्हाच स्पष्ट सांगायला हवं होतं, ते राहिलं."

२३ मार्च
साहेबांना अर्ज दिला — दादांना परत आणा, मला हरणांकडे पाठवा, नाहीतर काढून टाका. त्यांनी कारण विचारलं.
म्हटलं, "मुकीला मी मारत होते."