तसं पाहिलं तर विमान स्वस्तच पडतं

१ जानेवारी
ठरलं. विमान घेतोय.
छोटंच. चार सीटर, एक इंजिन, पांढऱ्या अंगावर निळा पट्टा. वयाने माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. लोकांना वाटतं विमान म्हणजे गर्भश्रीमंतांचं काम. साफ चूक. शेजारच्या बिल्डरने परवा जी गाडी घेतली तिच्यापेक्षा माझं विमान स्वस्त आहे. आणि त्याची गाडी उडत नाही.
मी दातांचा डॉक्टर, वय बावन्न. फ्लाइंग क्लबमध्ये शिकून रीतसर लायसन्स काढलेलं. लेक लग्न होऊन लांब गेली. रस्त्याने नऊ तास. विमानाने पावणेदोन. सकाळी निघायचं, तिच्याकडे जेवायचं, संध्याकाळी घरी. दर महिन्याला. तिला फोन करून तसा शब्दही दिला.
बायकोला सगळा हिशेब समजावला. ती दुपारी दवाखान्याचं काउंटर सांभाळते, त्यामुळे आकड्यांच्या बाबतीत जरा भित्री झाली आहे. तिने एवढंच विचारलं की ते ठेवणार कुठे. म्हटलं, विमानतळावर. तर म्हणे, फुकट?
बारीकसारीक गोष्टींत अडकायचं नाही, हा या वर्षीचा संकल्प.

८ जानेवारी
साडूला भागीदार करून घेतलं. त्याचं पडद्यांच्या कापडाचं दुकान आहे. साधा माणूस. बोलत नाही, समोरच्या बशीतलं तेवढं संपवतो.
त्याची अट गमतीदार. खरेदीत पाव हिस्सा देणार. पुढे विमान जितके तास उडेल तितक्या तासांचा निम्मा खर्च त्याचा. जमिनीवर उभं असेल तेव्हाचं सगळं माझं.
हसू दाबताना पुरेवाट झाली. विमान जमिनीवर उभं कशाला राहील? त्याचा विचार बदलायच्या आत सही घेतली. नात्यातल्या माणसाला असं फसवणं बरं नाही, पण व्यवहार तो व्यवहार.

२० जानेवारी
विमान ताब्यात! क्लबच्या कॅप्टनने उडवत आणून दिलं. मला तिनेच शिकवलंय. करड्या आवाजाची, कमी बोलणारी बाई. घेण्याआधी एखाद्या इंजिनिअरकडून नीट तपासून घ्या, असं तिने दोनदा सुचवलं होतं. तो खर्च मी वाचवला. विकणारे गृहस्थ रिटायर्ड, सज्जन. किल्ली माझ्या हातात देताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. अशा माणसावर संशय घ्यायचा?

२७ जानेवारी
विमान ठेवायच्या हँगरचं भाडं कळलं. महिन्याला दोन रूट कॅनाल.
(खर्च पैशांत मोजला की उगाच धडकी भरते. रूट कॅनालमध्ये मोजला की आटोपशीर वाटतो. शिवाय रूट कॅनाल मला येतं.)

५ फेब्रुवारी
विमा एजंट येऊन गेला. एकूण किती तास उडवलंय म्हणून विचारलं. साठ, म्हटलं. त्याने अदबीने मान खाली घातली. खांदे हलत होते. मग म्हणाला की या मशीनवर आधी दहा तास कॅप्टनला शेजारी बसवून उडवा, मग एकट्याने. हप्ता अकरा रूट कॅनाल. कॅप्टनची फी वेगळी.
बायको विमानाला 'तुमची ती' म्हणते. तुमच्या तिचा फोन होता. तुमच्या तिचं बिल आलंय. पेशंटांसमोर.

२ मार्च
विम्याची कागदपत्रं अखेर झाली. उद्या पहिलं उड्डाण.

३ मार्च
नाही. वार्षिक तपासणीची मुदत परवाच संपली, असं कॅप्टन म्हणते. तपासणी झाल्याशिवाय विमान हलवायचं नाही. विकणाऱ्या सज्जनांना फोन केला. नंबर बंद आहे.

११ मार्च
तपासणीला इंजिनिअर आला. पोटाने गोल, स्वभावाने आनंदी. विमानाचे सगळे पत्रे उघडले. वाटलं नव्हतं की ते इतकं उघडतं. प्रत्येक झाकणाखाली बॅटरी मारून आत बघतो आणि जिभेने च्च् करतो. मी स्वतः पेशंटच्या तोंडात बघून हेच करतो, त्यामुळे अर्थ कळला.
पंखात गंज. हवेचा वेग मोजणाऱ्या नळीत गांधीलमाशीचं घर. बाकी उत्तम.
किती लागेल म्हणून विचारलं. म्हणाला, बघू. मी पेशंटला हेच सांगतो.

२९ मार्च
पंखाला एक बोल्ट हवा. किंमत ऐकून मला वाटलं एक पेटी असेल. एकच. मी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून हुबेहूब तसाच आणला, वर दोन वायसर फुकट. इंजिनिअरने तो तळहातावर घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाला की यातून फुलदाणी टांगा. त्याच्या बोल्टसोबत म्हणे सर्टिफिकेट येतं. माझ्या डिग्रीच्या सर्टिफिकेटलाही एवढे पैसे पडले नव्हते.
हार्डवेअरवाल्याची अक्कलदाढ मात्र बघितल्याबरोबर ओळखली. शनिवारी बोलावलंय.

१६ एप्रिल
एका सिलिंडरला चीर. इंजिन उतरवावं लागणार. नुसतं उतरवायचेच चार रूट कॅनाल लागतात.
आज एका पेशंटचे सगळे दात निरोगी निघाले. मला त्याचा राग आला. हे बरं नाही. संकल्प : निरोगी दातांकडे आनंदाने बघायचं.

२ मे
गाडी विकली. शांतपणे विचार करून. दारात विमान असताना गाडी कशाला? बायको म्हणाली की विमान दारात नाही, बत्तीस किलोमीटरवर आहे, आणि त्याच्या नाकात इंजिन नाही. बायकांना बोलण्याचा शब्दशः अर्थ घ्यायची खोड असते.
रविवारी हँगरमध्ये बसने गेलो. पुसलं. आत बसलो. सगळे स्विच ओळीने म्हणून दाखवले. बरं वाटलं.

१४ जून
लेकीचा फोन. तिला दिवस गेलेत! ऑक्टोबरअखेर. आधी बायको रडली, मग मी. लेक म्हणाली, बाबा, आईला आठवडाभर आधी पाठवा. म्हटलं, पाठवतो काय, स्वतः उडवत घेऊन येतो. मग ती म्हणाली, बसचं रिझर्व्हेशनही करून ठेवा हं, बाबा.
मनाला लागलं. जानेवारीपासून दर महिन्याचं सांगतोय, एकदाही गेलेलो नाही. ऑक्टोबरला चुकणार नाही.

९ जुलै
साडू येऊन गेला. सहा महिन्यांत त्याच्या हिश्शाचा खर्च किती म्हणून विचारलं. शून्य. त्याने मान डोलावली आणि बशी संपवली. म्हणाला, वाचलेल्या पैशांतून क्लबच्या विमानावर शिकायला जातो. छंद म्हणून.
छान. माणसाला छंद असावा.

२६ जुलै
आज उडालो.
कॅप्टन शेजारी. पूर्ण वेळ वीस-बावीस मिनिटं. पण मी उडवलं. जमीन सुटली आणि एकदम सगळं शांत झालं. खाली आमची गल्ली दिसली. दवाखान्याची पाटी वाचता येत नव्हती, पण ती आहे हे माहीत होतं. गच्चीवर आमच्या चादरी वाळत होत्या, काडेपेटीएवढ्या. बायको दोरीजवळ होती की ती सावली होती, कळलं नाही. मी हात केला.
कॅप्टनने विचारलं, डोळ्यांना काय झालं? ऊन, म्हटलं.
यासाठी कितीही रूट कॅनाल करीन.
लँडिंग जरा टणक. टायर फुटला.

१२ ऑगस्ट
टायर आला. साडेनऊ तास अजून बाकी. ऑक्टोबरपर्यंत आरामात. मात्र पायलटला लागणाऱ्या माझ्या मेडिकल सर्टिफिकेटची मुदत संपत आलीय. औपचारिकता.

१९ ऑगस्ट
ब्लड प्रेशर वर एकशे साठ, खाली शंभर. तपासणारे डॉक्टर माझेच कॉलेजमित्र. काही टेन्शन आहे का, विचारलं. म्हटलं, नाही, आनुवंशिक असेल. त्यांनी फिरून मोजलं. मोजत असताना खिशातला फोन वाजला. इंजिनिअर होता. पारा आणखी चढला.
तात्पुरता अनफिट. गोळ्या, चालणं, तीन महिन्यांनी पुन्हा या.
म्हणजे विमान फिट आहे आणि मी हँगरमध्ये.

३० ऑगस्ट
इंजिनिअर म्हणतो, विमान पडून राहिलं की जास्त खराब होतं. म्हणून साडूला उडवू दिलं. त्याचं लायसन्स परवाच झालं. मला पेढाही दिला नाही, नुसतं सांगितलं. विम्याचे दहा तास तो कॅप्टनला घेऊन आमच्याच विमानावर करतोय. करारानुसार निम्मा खर्च त्याचा.
निम्मा माझा. तो शिकतोय त्याचा.
करार पुन्हा वाचला. दोनदा. अक्षर माझंच आहे.

२१ सप्टेंबर
रोज चालतो. चालत चालत कुठे जायचं कळत नाही म्हणून गल्लीला फेऱ्या. आजचं प्रेशर एकशे पन्नास. दवाखान्यातल्या खुर्चीचा पंप गेलाय, पेशंटसकट हळूहळू आपोआप खाली येते. नवी खुर्ची यंदा घ्यायची होती. बायकोने आज पहिल्यांदा आवाज न चढवता विचारलं की आपण हे विकायचं का. मी म्हटलं, बाळ झाल्यावर बघू. ती दवाखान्याचा हिशेब लिहीत बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

९ ऑक्टोबर, सकाळ
जावयाचा फोन. लेकीला लवकर कळा सुरू झाल्यात. डॉक्टर जरा काळजीत आहेत, आईंना लगेच पाठवा.
बायको पायात चप्पल एक माझी, एक तिची घालून उभी. बस अकराला, पोचायला रात्र. साडूला फोन केला, त्याचे दहा तास केव्हाच पूर्ण झालेत. तो म्हणाला, दहा वाजता विमानतळावर या.
म्हणून सांगतो, विमान हवंच.

९ ऑक्टोबर, विमानतळावरून परत
साडूबरोबर त्याची बायको, म्हणजे माझी मेहुणी, तयार होऊनच आलेली. तिला दोन बाळंतपणांचा अनुभव, तिची गरज होतीच. मीही बॅग घेऊन गेलो होतो. पायलट नाही तर निदान मागच्या सीटवर.
कॅप्टनने वजनाचा हिशेब मांडला. टाकी पूर्ण भरायची, तिकडची धावपट्टी आखूड, दिवस तापलेला. सीट चार, पण माणसं तीनच जातील. मग सगळे विमानाकडे बघू लागले. इतक्या आदराने मला आजवर कुणी टाळलं नव्हतं.
मीच म्हटलं, मी येतो मागून.
बायको पंखावर पाय ठेवून आत चढली. परत खाली उतरली. माझ्या हातात दवाखान्याच्या किल्ल्या आणि प्रेशरच्या गोळ्या दिल्या. म्हणाली, अहो, जेवून निघा. मग चढली.
साडूने टेकऑफ सुंदर केलं. बघत राहिलो. ठिपका झाला, मग तोही नाही.
बस चुकली. दुपारची मिळाली. खिडकी.

१० ऑक्टोबर
मुलगी! आई नि बाळ दोन्ही सुखरूप. बायको पोचली आणि तासाभरात झाली. लेकीने तिचा हात धरलेला होता.
मी पहाटे पोचलो. लेक जागी झाली, मला बघून हसली. म्हणाली, बाबा, शेवटी आलातच की विमानाने. मी तोंड उघडलं. साडू भिंतीला टेकून उभा होता, तोच म्हणाला, हो, यांच्याच विमानाने. बायकोने बाळ माझ्या हातात दिलं.
तीन किलोला थोडं कमी. वजनाच्या हिशेबात बसली असती.

१२ ऑक्टोबर
साडूला दुकान गाठायचंय. विमान सुरू होईना. पंखा एकदा फिरतो, विचार करतो, थांबतो. इथे इंजिनिअर नाही. आपल्या इंजिनिअरला फोनवरून आवाज ऐकवला. म्हणाला, मॅग्नेटो गेला, इंजिनात ठिणगी पाडतो तो. पार्ट परदेशातून. सहा आठवडे धरा. विमान इथे उभं राहणार, त्याचं भाडं इथे. तिकडचा हँगर सोडला तर पुन्हा मिळणार नाही, म्हणून त्याचंही भाडं तिकडे.
साडू आणि मेहुणी बसने गेले. मी थांबलो. विमानाजवळ मालकाने असायला हवं.

२६ ऑक्टोबर
दवाखाना बंदच. तीन पेशंट दुसऱ्या डॉक्टरकडे गेले. विमानाकडे अजून जाणं झालं नाही. वेळच होत नाही.
सकाळी बाळाची दुपटी नि लंगोट धुऊन गच्चीवर वाळत घालायचं काम माझ्याकडे आहे. बायको म्हणते, तुमच्या हातचं लवकर वाळतं. साहजिक आहे. दोरी कुठल्या दिशेला बांधायची हे वारा बघून ठरवावं लागतं, आणि ते शिकायला माझा एवढा खर्च झालाय.
प्रेशर एकशे तीस.
आज वारा पूर्वेचा, हलका. आकाश स्वच्छ. उड्डाणाला उत्तम दिवस.