कॅझिमिरची वीट

मी, वांडा ओलशेव्हस्की, वय वर्षे ऐंशी, बाटल्यांच्या कारखान्यातली निवृत्त तपासनीस, राहणार टॅनर स्ट्रीट, हार्लन फॉल्स, ओहायो, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. शुद्धीबद्दल माझा मुलगा लिओनार्ड याला शंका आहे, कारण गाव सोडून गेलेल्या हेरन्स या बेसबॉल संघाची टोपी मी अजून घालते. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक लिओनार्डला. "आई, हेरन्स संपले गं, आता तरी दुसरा संघ धर," असं तो दर वसंतात म्हणतो. एकाहत्तर साली मालकाने संघ विकला, मी नाही. तरीही घर त्यालाच. पोटचा आहे.

२. मैदान पाडलं त्या दिवशी माझे यजमान फेलिक्स यांनी पान्याने सोडवून आणलेल्या, तिथल्या आमच्या नेहमीच्या दोन लाकडी खुर्च्यांपैकी एक व्हर्ना फेअरली हिला. तिचे वडील ओटिस छप्पन साली हेरन्सकडून चेंडू फेकायला आले. संघातले पहिले काळे खेळाडू. गावात कोणी खोली देईना, आम्ही माडी दिली. चौथ्या दिवशी खिडकीतून वीट आली. सकाळी ओटिस बॅग घेऊन खाली उतरले.

"ताई, मी जातो. माझ्यापायी तुमच्या घराला त्रास नको."

फेलिक्स म्हणाले, "आज चेंडू फेकायची तुझी पाळी आहे ना? मग बस, आधी अंडी खा."

त्या दुपारी ओटिसनी सामन्याच्या नऊच्या नऊ डावांत एकही धाव दिली नाही. गाव उभं राहिलं. पुढे ते इथेच राहिले, इथेच वारले.

३. ती वीट मी जपून ठेवली आहे. ती माझा धाकटा भाऊ कॅझिमिर याला. त्याचीच आहे. ती मारून तो पळत असताना मी त्याला पाहिलं होतं. त्याच दुपारी सर्वांत मोठ्याने ओरडत होता तोही हाच: "आपला ओटिस!" मी तेव्हाच विचारलं, तर म्हणाला, "कसली वीट, ताई?" त्रेपन्न वर्षं हेच उत्तर.

४. दुसरी खुर्चीही कॅझिमिरला, एका अटीवर. माझ्या दफनाच्या वेळी व्हर्नाकडे बघून, सर्वांना ऐकू जाईल असं, त्याने "मी मारली" एवढं म्हणावं. न म्हटल्यास दोन्ही खुर्च्या व्हर्नाच्या.

५. मला टोपीसकट पुरावं. पाद्रीबुवांनी टोपी काढायला सांगितल्यास पाद्री बदलावा.

कॅझिमिर, याची एक प्रत तुला आजच टपालाने पाठवते आहे. मी जाईपर्यंत थांबायलाच हवं असं नाही. व्हर्ना दर रविवारी दुपारी माझ्याकडे कॉफीला येते. दार उघडंच असतं.

हे सर्व मी वाचून, समजून, माझ्या हाताने सही केली.

वांडा ओलशेव्हस्की
हार्लन फॉल्स, ९ एप्रिल २००९

साक्षीदार, दोघांनीही माझ्यादेखत सही केली:
ग्लेन पुचाल्स्की, शेजारी
मर्ना हेविट, ग्रंथपाल